दत्तू, बसवायचं कोणाला?

दत्तू,

तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही. लोकांनी त्याचा अर्थ असा घेतला की माझा कंठ दाटून आला होता. मी तो समज तसाच राहू दिला, कारण खरं कारण त्याहून कमी शोभणारं होतं. मी घाबरलो होतो. आज तुला जाऊन चौदा दिवस झाले, फायनल होऊन आठ, तरी ती भीती गेलेली नाही. तिने फक्त जागा बदलली आहे.

सभा वाचनालयात झाली. लाउडस्पीकर लावला होता, म्हणजे जे आत मावले नाहीत त्यांनाही सुटका नव्हती. तुझा फोटो कुठेच मिळेना. दवाखान्यातल्या कंपाउंडरचा फोटो काढायचं कोणाला कधी सुचलं नव्हतं. शेवटी आबासाहेबांच्या मुलीच्या लग्नातल्या ग्रुपमधून तुला कापून काढून मोठा केला. कापणाऱ्याने घाई केली असावी, कारण शेजारच्या माणसाचा खांदा तुला चिकटून आला आहे. तो खांदा माझा. हार घातला तेव्हा अर्धा तुझ्यावर पडला आणि अर्धा माझ्यावर. मी समोर तिसऱ्या रांगेत बसून ते पाहत होतो.

एकाने तुला क्रीडामहर्षी म्हटलं. दुसऱ्याला ते कमी वाटलं, त्याने क्रीडातपस्वी केलं. तू असतास तर मला कोपर मारून विचारलं असतंस, ‘मास्तर, यातलं मोठं कोनतं?’ मग फुटबॉल क्लबचे अध्यक्ष म्हणून आबासाहेब उठले. चार दिवस सामने बंद ठेवले होते, सेमीफायनल आणि फायनल शनिवार-रविवारी व्हायच्या होत्या. आबासाहेब टेबलावर मूठ ठेवून म्हणाले, “दत्तोबानं घडवलेले अकरा गडी जसेच्या तसे उतरतीन. एकाही नावाले हात लागनार नाई. हेच त्यायले श्रद्धांजली!”

टाळ्या पडल्या. मग दोन मिनिटं शांतता झाली. त्या दोन मिनिटांत माणसाने गेलेल्याचं स्मरण करायचं असतं. मी करत होतोच. नऊ वर्षांत एकदा सोडून तू लागोपाठच्या दोन सामन्यांत तेच अकरा उतरवले नव्हतेस. दर वेळी कोणाला तरी बाहेर बसवलंस, त्यासाठी शिव्या खाल्ल्यास, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याच शिव्या देणाऱ्यांच्या बाटल्यांत औषध भरलंस. आणि आता तुझ्या नावाने नेमकं तेच ठरत होतं जे तू हयातीत होऊ दिलं नसतंस.

यात आणखी एक गंमत होती आणि ती फक्त मला कळत होती. तेच अकरा उतरवा, हा हट्ट नऊ वर्षं कोणाचा होता? माझा. म्हणजे त्या सभेने उभं राहून, मान खाली घालून, एकमताने माझं मत मंजूर केलं होतं. शाळेतल्या स्टाफरूममध्ये सुद्धा माझ्या वाट्याला असा मान कधी आला नाही. आणि मी खुर्चीची कड धरून बसलो होतो.

आपलं काम कसं चालायचं ते ज्यांना ठाऊक नाही त्यांना ते विचित्र वाटेल. माझं अक्षर चांगलं आहे, या एकाच गुणावर मी क्लबचा चिटणीस झालो. सामन्याच्या दिवशी कचेरीमागच्या मैदानावर, चिंचेखाली, तू नावं सांगायचास आणि मी लिहायचो. रेफ्रीकडे कागद एकदा गेला की गेला. मध्ये माणूस बदलायची सोय या खेळात नाही. एखादा पडला तर उरलेल्या दहांनी खेळायचं. म्हणून जे काय भांडायचं ते कागद देण्याआधी, आणि आपण ते पोटभर भांडायचो.

माझं म्हणणं तुला पाठ होतं. अकरा माणसं एकत्र खेळून खेळून एक होतात. कोण कुठे धावेल हे न बघता कळायला लागतं. कवितेच्या ओळीतला एक शब्द काढून दुसरा घातला, तो कितीही चांगला असला, तरी चाल मोडते. मी हे अनेक प्रकारे सांगत असे, कारण मला ते सांगताना स्वतःचा आवाज आवडायचा.

“मास्तर,” तू एकदा म्हणालास, “शब्दाले धाप लागत नाई.”

मी त्यावर काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही. तुझं आठवतं.

तू सामना संपल्यावर प्रत्येक खेळाडूचा हात दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ उभा राहायचास. पहिल्या वर्षी मला वाटलं की तू निवडणुकीला उभा राहणार आहेस. मी तसं चारचौघांत म्हटलंही. मग एकदा दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर तूच हसत हसत फोडलंस. तुझा हात हातावर नसायचा, मनगटावर असायचा. तू नाडी मोजत होतास. खेळ थांबल्यावर ती किती वेळात खाली येते, कोणाची येते, कोणाची येत नाही. खेळाडूंना वाटायचं, कंपाउंडरसाहेबांना आपलं फार कौतुक. तूही ते तसंच राहू द्यायचास.

“सांगून मोजली त भेवानंच वाढते,” तू म्हणाला होतास. मग माझं मनगट धरून मला शिकवायला लागलास. “तीन बोटं ठेव. अंगठा नको लावू. अंगठ्याले सोताची नाडी रायते. मंग कोनाची मोजून राह्यला तेच समजत नाई.”

मी म्हणालो, मला शिकून काय करायचं आहे? मी तर नेहमी खेळवा म्हणणारा.

शंकरबद्दल आपण कधी बोललो नाही. आज बोलतो, कारण आता तू विषय बदलू शकत नाहीस. ते एकच वर्ष तू माझं ऐकलंस. मी तुझ्यामागे तीन दिवस लागलो होतो, अध्यक्षांनाही लावलं होतं, आणि तू थकून म्हणालास, “लिही बापा, तेच अकरा लिही.” आपण फायनल जिंकलो. शील्ड बैलगाडीतून मिरवली. ती देणारे रायसाहेब स्वतः पुढे चालत होते. इंग्रज गेला तरी त्यांचं रायसाहेबपण जायला तयार नव्हतं, आणि त्या दिवशी मी त्यांनाही हसलो नाही, इतका मी खूश होतो. शंकर मिरवणुकीत नव्हता. शेवटच्या दहा मिनिटांत त्याचा गुडघा फिरला होता. कोणी धक्का दिला नव्हता. लागोपाठ चौथा सामना होता, पाय उचलला गेला नाही, एवढंच. तो आजही लंगडतो. आजही मला रस्त्यात भेटला की “नमस्कार मास्तर” म्हणतो, आणि मी दुकानाच्या पाटीकडे बघत त्याला उत्तर देतो.

तू दोन महिने रोज त्याच्या घरी जाऊन गुडघ्याला तेल चोळलंस. ‘मी सांगितलं होतं’ हे तीन शब्दांचं वाक्य तू मला एकदाही ऐकवलं नाहीस. दत्तू, ते ऐकवायला हवं होतंस. मी त्याला काहीतरी खोचक उत्तर दिलं असतं आणि आपण मोकळे झालो असतो.

तर त्या सभेत मला भीती वाटली ती फुलसिंगसाठी.

मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा हा माणूस कापसाच्या दिवसांत बायकोला घेऊन इथे वाशीमला येतो, जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, हमाली करतो आणि आपल्याकडून सेंटर फॉरवर्ड खेळतो. सकाळपासून दुपारपर्यंत पाठीवर कापसाच्या गाठी, आणि ऊन कललं की पायाला पट्ट्या बांधून मैदान. त्याच्यासारखा पळणारा मी पाहिला नाही. चेंडू त्याच्या अनवाणी पायाशी असला की आपली बायकामंडळी सुद्धा कचेरीच्या भिंतीवरून ओरडतात. तो असला की आपण जिंकतो, नसला की हरतो. एवढं सोपं आहे, आणि म्हणूनच अवघड.

तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी तुझ्याकडे आलो होतो. तुला ताप होता, अंगावर दोन घोंगड्या होत्या. तू बोलायच्या आधी दाराकडे पाहिलंस.

“फुलसिंगले बसव.”

“तुला ताप आहे म्हणून तुला सगळेच आजारी दिसताहेत,” मी म्हणालो.

तू हसलास, मग खोकलास, आणि खोकला थांबेपर्यंत मी तुझ्या पायांकडे बघत राहिलो. “तसं नाई. त्याची नाडी मधातच थांबते. दोन सामने झाले, पाहून राह्यलो.”

“थांबते, आणि मग चालते ना?”

“चालते.”

“मग?”

“मंग काय? पुढच्या खेपेला चालंल का नाई, हे कोन लिहून देईन? तू देतं काय? तुहं अक्षर चांगलं हाय.”

मी म्हणालो, सेमीफायनल आहे, सेंटर फॉरवर्डला बसवलं तर गाव आपल्याला झोडपेल, त्याची जागा कोण घेणार, तार ऑफिसातला गणपत? तो तर चेंडूसुद्धा रजिस्टर केल्याशिवाय पुढे पाठवत नाही. तू पुन्हा हसलास. तुला हसवण्यात मी पटाईत होतो आणि त्या दिवशी त्याचा मी गैरफायदा घेतला. “उद्या बोलू,” तू म्हणालास. उत्तर द्यायची पाळी माझी होती. अजून माझीच आहे.

शनिवारी ठरल्याप्रमाणे तेच अकरा उतरले. मीच नावं लिहिली. कोणीही सांगायला नव्हतं, तरी हात सवयीने थांबत होता. आपण जिंकलो. फुलसिंगने दोन्ही गोल केले. दुसऱ्यानंतर तो उड्या मारत परत आला नाही. गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला आणि जमिनीकडे बघत राहिला, जणू तिथे काहीतरी पडलं होतं. लोकांना तो नम्रपणा वाटला.

सामना संपल्यावर मी त्याच्याजवळ गेलो आणि तुझ्यासारखा त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. तो लाजला. “काय मास्तर, तुमी बी?” मनगटाखाली काहीतरी वेड्यासारखं धावत होतं. मी मोजायला लागलो आणि मधेच माझ्या लक्षात आलं की मी अंगठा लावला आहे. ते धावणारं माझंच होतं. बोटं नीट ठेवेपर्यंत त्याने हात सोडवून घेतला आणि पोरांच्या खांद्यावर चढला.

डॉक्टर दौऱ्यावर गेले होते, सोमवारी येणार होते. फायनल रविवारी होती. जगाचं वेळापत्रक लावणाऱ्याला फुटबॉल कळत नसावा.

रविवारी सकाळी मी तुझ्या घरी गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी तुझं घड्याळ मागितलं. सांत्वनाला आलेला माणूस घड्याळ मागतो, हे त्यांना चमत्कारिक वाटायला हवं होतं, पण त्यांनी उठून खुंटीवरून काढून दिलं.

“न्या. पाच मिनिटं मांगं हाय थे. मी म्हनो, दुरुस्त करा, त म्हनत, नाडीले त्याचा फरक पडत नाई.” थोडं थांबून म्हणाल्या, “भाऊजी, साऱ्या गावाले बसवलं त्यायनं. सोता काही बसले नाई. दोन दिवस अंगात ताप घेऊन दवाखान्यात उभे होते.”

दवाखान्यात मीही त्या दोन दिवसांत आलो होतो, खोकल्याचं औषध न्यायला. तू ते मला भरून दिलंस. मी तुझ्या हाताला हात लावला असता तर चटका बसला असता. मी बाटली घेतली आणि गणपतवर एक विनोद केला.

दुपारी मैदानावर मी लवकर पोचलो. फुलसिंग चिंचेखाली बसून पट्ट्या बांधत होता. त्याची बायको शेजारी दुसऱ्या पायाची पट्टी गुंडाळून धरून बसली होती. मी त्याला म्हणालो, जरा हात दे, आणि कशाला ते सांगितलं नाही. तीन बोटं ठेवली. घड्याळ गुडघ्यावर ठेवलं. ठोका, ठोका, ठोका. चांगले खणखणीत. मला सुटल्यासारखं वाटलं. मग ठोका, ठोका, आणि काहीच नाही.

किती वेळ, ते मला सांगता येत नाही. कदाचित एका ठोक्याइतका. घड्याळ चालू होतं, त्याच्या बायकोच्या हातातली पट्टी वाऱ्याने हलत होती, तो माझ्याकडे हसून पाहत होता, आणि माझ्या बोटांखाली माणूस नव्हता. मग ठोका पडला. पुढे सगळं पुन्हा सुरळीत. माझं बोट उचललं गेलं असेल का? असू शकेल. मी शिकलेला नाही. मी इतिहास आणि व्याकरण शिकवतो. पण त्या रिकाम्या जागेत मी जो उभा राहिलो, दत्तू, तो अजून तिथून बाहेर आलेलो नाही.

मी बाजूला जाऊन यादी लिहिली. दहा नावं नेहमीच्या ओघाने उतरली. अकराव्या जागी मी गणपतचं नाव लिहिलं, खाली सही केली आणि कोणी पाहायच्या आत कागद रेफ्रीच्या हातात दिला. अक्षर वाईट आलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

आबासाहेब धापा टाकत आले. “मास्तर, हे काय केलं तुमी? सभेत ठराव झाला होता!”

“झाला होता.”

“मंग? दत्तोबाची टीम तुमी मोडता? त्यायची राख अजून थंडी नाई झाली!”

“दत्तू असता तर त्याने हेच केलं असतं.”

“आन तुमाले कोन सांगितलं? सपन्यात आला होता काय?”

आता इथे मी खरं सांगू शकलो असतो. ‘फुलसिंगले बसव’ हे तुझं वाक्य सांगू शकलो असतो. पण मग लोकांनी विचारलं असतं की शनिवारी का नाही बसवलं, आणि त्याचं उत्तर मला चारचौघांत द्यायचं नव्हतं. मी म्हणालो, “चिटणीस मी आहे.” इतकं पोकळ वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं. आयुष्यभर अशाच वाक्यांना हसत आलो.

फुलसिंगला मी सांगायच्या आधीच कळलं. तो उठला नाही. एका पायाची पट्टी पूर्ण बांधून झाली होती. त्याने ती सोडायला सुरुवात केली. बायकोने दुसरी पट्टी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

आपण एका गोलाने हरलो. गणपत वाईट खेळला नाही, हे तुला सांगायला हवं. दुसऱ्या अर्ध्यात तर तो चक्क धावला. पण लोकांना त्याचं काय? “ओ मास्तर, पेपर तपासा घरी बसून!” “मास्तरनं व्याकरण सुधारलं अन् मॅच घालवली!” “मेलेल्या मानसाचा डाव मोडला बे यानं!” हे शेवटचं कोण म्हणालं ते मला माहीत आहे. गेल्या वर्षी तू त्यालाच बसवलं होतंस आणि त्याने तुझ्या घराच्या दारावर कोळशाने काहीतरी लिहिलं होतं. आता तो तुझा भक्त आहे. माणूस गेला की त्याच्या बाजूने बोलणं किती सोपं होतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. त्याच्या बाजूने वागणं मात्र सोपं नाही.

सोमवारी डॉक्टर आले. मी फुलसिंगला ओढत नेलं. त्यांनी नळी लावली, डोळे पाहिले, जीभ पाहिली. “अशक्तपणा आहे. बाकी आत्ता काही सापडत नाही. विश्रांती घे.” आणि एक लाल औषध लिहून दिलं. मी विचारलं, मधे ठोका चुकतो का? ते म्हणाले, “कधी कधी चुकतो कोणाकोणाचा. तुमचाही चुकत असेल.” कंपाउंडरची जागा रिकामी होती. डॉक्टरांनी औषध स्वतःच बाटलीत ओतलं आणि थोडं टेबलावर सांडलं.

पुराव्याची गोष्ट इथे संपते. ज्याला मी खेळवलं त्याचा पुरावा रस्त्याने लंगडत जातो आणि मला नमस्कार करतो. ज्याला बसवलं त्याला काहीच झालं नाही, आणि जे झालं नाही ते कोणाला दाखवणार? मी एका माणसाला वाचवलं की एका गावाची शील्ड उगाच घालवली, हे मला कधीच कळणार नाही. तू नऊ वर्षं हेच करत होतास. दर सामन्याला. तुला एकदाही कळलं नाही की तू बरोबर होतास का, आणि समोर मी बसलेला असायचो, पुरावे मागत.

खरी भीती मंगळवारी सुरू झाली. शाळेत जाताना जिनावरून गेलो, तर फुलसिंग पाठीवर गाठ घेऊन चालला होता. मी त्याला मैदानातून काढलं होतं, आणि वाटत होतं की मी त्याला बसवलं. डोक्यात हा उजेड पडायला मला दोन दिवस लागले. आमच्या वर्गातल्या ढ मुलालाही याहून कमी लागले असते. तासभर पळणं बंद केलं आणि सकाळभराचं ओझं तसंच ठेवलं.

मी जिनाच्या मुकादमाकडे गेलो. त्याने मला पाहिलं आणि विडी विझवली.

“काय मास्तर, मॅच हारून झाली, आता गाठी हारवाले आले काय?”

मी म्हणालो, फुलसिंगला थोडे दिवस हलकं काम द्या.

तो माझ्याकडे बघत राहिला. “बसा. हे गोठ तुमाले नवी हाय, मले नाई. कंपाउंडरसाहेब दरसाल यायचे. ज्याले मैदानात बसवत, त्याच्यासाठी इथं बी येत. चहा बी घेत नसत. चार दिवस याले गाठीवर नंबर टाकाले लाव, म्हनत. मी शिव्या देऊन लावो.” त्याने विडी पुन्हा पेटवली. “आवंदा कोनी आलं नाई, म्हून म्या काई केलं नाई.”

दत्तू, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मी समजत होतो की तू यादीतून नाव काढतोस आणि तिथे तुझं काम संपतं. मी यादीवरच भांडत राहिलो, आणि तू यादी देऊन झाल्यावर धूळ तुडवत जिनात जात होतास. तुझ्याबद्दल मला जे माहीत नाही ते आता किती ठिकाणी, किती लोकांकडे पडलं असेल, आणि त्यातलं किती काम तू गेल्यापासून कोणी केलेलं नाही? मी उपकार मानायला बसतो आणि घाबरून उठतो.

मुकादमाने फुलसिंगला नंबर टाकायला बसवलं. त्यामुळे काल रविवारी तो माझ्या घरी आला. आत बोलावलं तर आला नाही. ओट्याखाली उभा राहिला.

“मास्तर, मैदानातून काढलं. ठीक. आता कामावरून बी काढता काय? सारे हमाल हासून राह्यले. म्हनते, फुलसिंग बाबू झाला, बसून लिहिते.”

“थोडे दिवस आहे.”

“काहून पन? मी म्हातारा झालो काय? लंगडा झालो? डागदरनं सांगितलं, काई नाई म्हून. माह्या बायकोले वाटते, माह्याच हातून काई चुकी झाली. त मले सांगा. मले काहून बसवलं?”

माझ्याकडे उत्तरं होती. ठोक्याचं होतं, डॉक्टरचं होतं, शंकरच्या गुडघ्याचं होतं, आणि तुझ्या तोंडी घालता येईल असं एखादं भारदस्त वाक्य तर मी उभ्या उभ्या तयार केलं असतं. मी इतकी वर्षं त्याच कामावर पोट भरतो. पण तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी म्हणालो, “मला भीती वाटली.”

“कायची?”

“तू मरशील याची.”

रस्त्याने एक बकरी गेली, तिच्याकडे त्याने पाहिलं. मग ओट्याच्या कडेवर टेकला.

“कंपाउंडरसाहेबाले बी वाटे काय भेव? त्यायनं मले दोनदा बसवलं होतं. तवा त हासत हासत सांगे.”

मी तुला हे कधी विचारलं नाही. नऊ वर्षांत मी तुला कारणं विचारली, पुरावे विचारले, तुझ्या डोक्यात काय भरलं आहे तेही विचारलं. हे नाही. तू यादी सांगताना हसतोस म्हणजे तुला खात्री आहे, असं मी धरून चाललो होतो, आणि त्या खात्रीवरच मी इतका चिडायचो.

“हो,” मी फुलसिंगला म्हणालो. “दर वेळी वाटायची.”

त्याने मान हलवली, जणू एवढंच हवं होतं. “मंग ठीक हाय,” म्हणाला आणि उठून गेला. आज तो नंबर टाकायला बसला आहे. मी शाळेत जाताना पाहून आलो.

दत्तू, तुझ्या वतीने मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो, तुला न विचारता बोललो, आणि त्यावर एक माणूस विश्वास ठेवून गेला. ते खोटं असेल तर खोडून काढायला तू नाहीस.